गेरीसाहेबांची सही

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसलो असता नातवाने वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारले, ‘आजोबा, जेरीमँडरिंग म्हणजे काय हो?’ मी त्याला फराळाच्याच भाषेत उत्तर दिले.

समजा, घरात नऊ माणसे आहेत. पाचांना लाडू हवा, चौघांना करंजी. सरळ मते मोजली तर लाडू जिंकणार. पण करंजीवाल्याने युक्ती केली. तिघातिघांच्या तीन पंगती मांडून त्याने ठरवले की, प्रत्येक पंगतीचे एक मत. एका पंगतीत तिन्ही लाडूवाले कोंबले. उरलेल्या दोहोंत दोन-दोन करंजीवाले आणि एकेक लाडूवाला. झाले! पाचांचा पक्ष हरला, चौघांचा जिंकला. आणि एकही मत खोटे पडले नाही. मतदारसंघाच्या सीमा अशा बेताने आखणे, यालाच इंग्रजीत जेरीमँडरिंग म्हणतात.

या शब्दाची कुळकथा मोठी चटका लावणारी आहे. एलब्रिज गेरी हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. १७८७ साली राज्यघटना तयार झाली, तेव्हा तीत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, हेही एक कारण देऊन त्यांनी सही करण्याचे नाकारले. ती सनद १७९१ मध्ये घटनेला जोडली गेली. सहीचे मोल जाणणारा असा हा गृहस्थ!

पण फेब्रुवारी १८१२ मध्ये त्यांच्या रिपब्लिकन पक्षाने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ आपल्या सोयीने आखले आणि गव्हर्नरांनी त्या कायद्यावर सही केली. तो त्यांना मनातून नावडता होता, असे त्यांच्या जावयाने पुढे चरित्रात लिहिले. असेल, पण सही झाली ती झाली.

एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ तर असा वेडावाकडा निघाला की, २६ मार्च १८१२ रोजी ‘बॉस्टन गॅझेट’ने त्याच्या नकाशाला डोके, पंख आणि नख्या काढून तो छापला. बेडकाच्या गोत्रातला पण दिसायला पालीसारखा सॅलमँडर नावाचा प्राणी असतो. त्याच्या नावाचे शेपूट गेरींच्या नावाला जोडून ‘गेरीमँडर’ हा शब्द तयार झाला.

त्या वर्षीच्या निवडणुकीत फेडरलिस्ट पक्षाला ५१,७६६ मते पडली आणि जागा मिळाल्या ११. रिपब्लिकनांना मते ५०,१६४ आणि जागा २९! आणि गंमत पाहा, गव्हर्नरपदासाठी सबंध राज्याची मते एकत्र मोजली जात; तिथे नकाशाची मात्रा चालली नाही आणि गेरी स्वतः पडले. पुढे १८१३ मध्ये ते अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले आणि २३ नोव्हेंबर १८१४ रोजी त्या पदावर असतानाच वारले.

माणूस गेला, शब्द राहिला. नावाचा मूळ उच्चार ‘गेरी’. लोकांच्या तोंडी शब्दाचे मात्र ‘जेरीमँडर’ झाले. बिचाऱ्याचे नावदेखील धड उरले नाही! ही लबाडी त्यांनी शोधून काढली असेही नव्हे. ती त्यांच्या आधीपासूनची. आणि ती संपलीही नाही. २०१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, पक्षीय लाभासाठी आखलेल्या अशा सीमांचा न्याय करणे हे संघराज्याच्या न्यायालयांचे काम नव्हे. म्हणजे त्या सॅलमँडरला अजून मरण नाही.

सगळे ऐकून नातू म्हणाला, ‘पण आजोबा, त्यांनी नको म्हणायचे होते ना!’

मी काही बोललो नाही. आयुष्यात मीही पुष्कळ कागदांवर सह्या केल्या आहेत, काही मनाविरुद्ध. त्यांना कुणी पंख-नख्या काढल्या नाहीत, एवढेच माझे भाग्य. मी मुकाट्याने करंजी उचलली आणि लाडवाचे ताट त्याच्याकडे सरकवले.