'फुलंब्रीकर' म्हणजे नेमके कोण?

काही वर्षांपूर्वी आपल्या जालन्याच्या फुलंब्रीकर नाट्यगृहात गाणं ऐकायला गेलो होतो. मध्यंतरात चहा घेताना शेजारच्या एका पोरानं विचारलं, "काका, हे फुलंब्रीकर आपले जुने नगराध्यक्ष होते का?" हसू आलं. पण खरं सांगतो, "गायक होते" यापलीकडं मलाही काही सांगता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो, त्याचं हे सार.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचा जन्म २० जानेवारी १८९८ चा, देवाच्या आळंदीचा. आडनाव मात्र आपल्या शेजारच्या फुलंब्रीचं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, त्याआधी जालना आणि फुलंब्री एकाच जिल्ह्यात होते. म्हणजे माणूस परका नव्हे.

गुरू भास्करबुवा बखले. १९२२ ला बुवा गेले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या चालींची जबाबदारी कृष्णरावांवर आली. बालगंधर्वांच्या तोंडची कितीतरी पदं त्यांनी बांधली. पुढं प्रभातच्या 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) या सिनेमांचं संगीतही त्यांचंच. 'लखलख चंदेरी' आजही लग्नाच्या हॉलात वाजतं, चाल कुणाची ते कुणी विचारत नाही.

पण मराठवाड्यानं लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे.

१९३८ साली निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी आली. औरंगाबादच्या कॉलेजातली पोरं संपावर गेली, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. कित्येकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरं केलं. एका गाण्यासाठी आपल्या आजोबांच्या पिढीनं करिअर पणाला लावलं.

त्याच काळात तिकडं मुंबईत कृष्णराव त्याच गाण्यासाठी भांडत होते. रेडिओवर त्यांनी 'वंदे मातरम्' सुरू केलं आणि प्रक्षेपण बंद करण्यात आलं. त्यांनी रेडिओवरच बहिष्कार टाकला. स्वातंत्र्यानंतर हे गीत समूहानं म्हणता येत नाही, बँडवर बसत नाही, अशी शंका निघाली. तेव्हा झिंझोटी रागात सोपी चाल बांधून त्यांनी दिल्लीत नेत्यांना ऐकवली. २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेत 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलं आणि 'वंदे मातरम्' ला तेवढाच मान देण्यात आला.

आणखी एक. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली. एकाच माणसानं नाट्यगीत, वंदे मातरम् आणि बुद्धवंदना, तिन्हींना सूर दिले. १९७१ ला पद्मभूषण मिळालं, २० ऑक्टोबर १९७४ ला ते गेले.

आता मुद्द्याचं. नाव दिलं की आपलं काम संपतं का? सभा, सत्कार, बक्षीस समारंभ होऊ द्या, हॉल त्यासाठीही आहेच. पण गाणाऱ्या माणसाच्या नावाच्या वास्तूत वर्षातून निदान एकदा, २० जानेवारीला, गाणं व्हायला हवं. मोठे कलाकार परवडत नसतील तर आपल्याच शाळांतली, भजनी मंडळांतली पोरं गाऊ द्या. सुरुवातीला दोन मिनिटं मास्टर कृष्णरावांविषयी कुणीतरी बोला. आणि आपण तिकीट काढून जाऊन बसूया, फुकट पास मागत न बसता.

म्हणजे पुढच्या वेळी कुण्या पोरानं विचारलं तर उत्तर द्यायला आपण अडणार नाही.

तुम्ही तिथं ऐकलेलं, अजून कानात असलेलं गाणं कोणतं? खाली लिहा.