कागदपत्रांतील दृश्य व अदृश्य नोंदी
कागदातील मजकूर आणि त्या कागदाविषयीची माहिती (लिहिणारा कोण, केव्हा लिहिला, कोणत्या दप्तरी पोहोचला इत्यादी) यांत भेद करावा लागतो. ही माहिती वाचकासमोर मांडावी की आडोशाला ठेवावी, हा प्रश्न संगणकीय पानाच्या रचनेत आज नव्याने उपस्थित झाला असला, तरी ठाणे–कल्याण परिसराच्या इतिहाससाधनांत तो जुनाच आहे.

ठाणे येथे अठराव्या शतकात सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट शके ९३९ (इ. स. १०१७) मधील आहे. त्यात वर्ष प्रथम शब्दांत, ‘एक उणे नऊशे चाळीस’ अशा रीतीने, व पुन्हा आकड्यांत दिले आहे. शिवाय पिंगल संवत्सर व कार्तिक पौर्णिमा यांचाही निर्देश आहे. दानाचा पुरावा पुढील पिढ्यांना दाखवावयाचा असल्याने येथे काहीच गृहीत धरलेले नाही.

मराठेकालीन पत्रव्यवहाराची प्रकृती निराळी आहे. राजपत्राच्या शिरोभागी शिक्का व अखेरीस मोर्तब ही कोणासही दिसत. सनदांत शुहूर सनही असे. या सनाचा आरंभ मृगापासून होई व त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. खाजगी व लष्करी पत्रांत मात्र पुष्कळदा ‘छ’ (चंद्र) या खुणेपुढे हिजरी महिन्याची तारीख तेवढी आढळते. लिहिणारा व वाचणारा या दोघांसही वर्ष ठाऊकच होते! वसईच्या मोहिमेची (१७३७–३९) पत्रे गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या १६ व्या खंडात आहेत. अशा पत्रांत वर्ष नसल्यास काळ मजकुरातील व्यक्ती व घटनांवरून ठरवावा लागतो, आणि दोन वर्षांची चूक झाली तर ठाणे घेतल्यानंतरची धामधूम वसईच्या अखेरच्या वेढ्यात जाऊन पडते.

येथे पैवस्तीची नोंद उपयोगी पडते. पत्र पोहोचल्याची ही तारीख पाठीवर किंवा कोपऱ्यात, घेणाऱ्याच्या कारकुनाने घातलेली असे. ती मजकुराचा भाग नव्हे; पण पत्रलेखकाशी तिचा संबंध नसल्यामुळेच ती स्वतंत्र साक्ष ठरते. संकेतस्थळांच्या पानांतील अदृश्य सूचक शब्द, उलटपक्षी, पानाचा कर्ताच घालतो. शोधात पान वर यावे म्हणून त्यांत असंबद्ध शब्द कोंबले जाऊ लागले, आणि क्रम ठरविताना आपण त्यांचा उपयोग करीत नसल्याचे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. म्हणजे नोंद अदृश्य आहे एवढ्यावरून तिची किंमत ठरत नाही. ती कोणाच्या हातची आहे, हे पाहावे लागते.

मोडी पत्रांची बाळबोध नक्कल करताना पुढील बाजू उतरली जाते व पाठीवरील शेरा राहून जातो. अशा छापील पत्रावरून वर्ष ठरविणाऱ्याने शक्य तेथे मूळ कागद उलटून पाहावा.