कारणाचा रकाना

सध्या पोस्टिंग पिथौरागढला आहे. इथे भांग कुणी लावत नाही, रस्त्याच्या कडेला आपोआप माजते. कुमाऊंनी घरांत तिच्या बियांची चटणी करतात, आपल्या जवसाच्या चटणीची बहीणच. नशा अजिबात नाही. नव्या जवानांना आधी हेच सांगावं लागतं.

या झाडाचं औषध होतं का, हे १८३९ मध्ये कलकत्त्यात ओशॉघ्नेसी नावाच्या कंपनी सरकारच्या आयरिश डॉक्टरने तपासलं. आधी जनावरांवर, मग संधिवात, कॉलरा, धनुर्वाताच्या रुग्णांवर. पिसाळलेला कुत्रा चावलेला रुग्ण वाचला नाही, पण त्याच्या यातना कमी झाल्या. डॉक्टरने दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या. (पुढे याच गृहस्थाने देशात तारायंत्र उभारलं. सिग्नलवाल्यांनी नोंद घ्यावी.)

नंतर विलायतेत ओरड झाली की, गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरताहेत. १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या, पलटणींच्या अधिकाऱ्यांनाही प्रश्न पाठवले. पण खरी कमाल इस्पितळांच्या तपासणीत आहे. १८९२ या वर्षात गांजामुळे वेड लागलं अशी नोंद असलेले २२२ रुग्ण होते. आयोगाने एकेकाची चौकशी केली, तेव्हा ९८ उरले. बाकीच्यांच्या बाबतीत बरेचदा पोलिसांच्या कागदावरचं कारण तसंच उतरवलं होतं. रकाना रिकामा कसा ठेवायचा? लिहा गांजा! फौजेत ज्याने रिटर्न भरलेत, त्याला हे वेगळं सांगायला नको. आयोगाने बंदी नाकारली. अतिरेक मात्र घातक, असंही स्पष्ट म्हटलं.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस बंद झाले. नुसती पानं आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या, आणि वैद्यकीय व शास्त्रीय वापराची वाटही ठेवली गेली. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला. भारताचं मत बाजूने होतं. म्हणजे दार उघडं आहे, आत जाऊन काम करणारे कमी.

माझ्या जुन्या पलटणीतल्या एका हवालदाराचा पाय सुरुंगात गेला. नसलेलं पाऊल रात्री जळतं, म्हणतो. “साहेब, त्या औषधाचं खरं काय?” अशा वेदनेवर ते किती चालतं, याचे पुरावे अजून तोकडे आहेत. चाचण्या आपल्याच लष्करी इस्पितळांत, अशाच माणसांवर व्हाव्यात, असं माझं मत आहे. त्याला सांगितलं, गावातल्या पुडीवाल्याकडे जाऊ नकोस. वेदनातज्ज्ञाची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली आहे.