दम आणि जोर

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. मराठी अभ्यासकांना तो माहीत आहे तो त्यातल्या मराठीच्या जुन्या खुणांमुळे. त्यातले मल्लविनोदाचे प्रकरण मात्र फारसे कुणी उघडत नाही. राजाच्या पदरच्या मल्लाने रोज कोणते श्रम करावेत, ते तिथे नावांनिशी सांगितले आहे. ओझे उचलण्याचा भारश्रम, सकाळी लांब चालून येण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात हातपाय मारण्याचा सलिलश्रम, बाहूंना पीळ देणारा वेगळा श्रम आणि खांबाला भिडून करायचा स्तंभश्रम, असे सगळे श्रम एकाच माणसाने करायचे होते. आज धावणाऱ्याला भीती वाटते की वजने उचलली तर पाय जड होतील, आणि वजने उचलणाऱ्याला वाटते की धावलो तर कमावलेले अंग झडेल. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या या पुस्तकात ते भांडणच नाही. माझे म्हणणे असे की ते आपल्या तालमीतही नव्हते. ते विसाव्या शतकात बाहेरच्या साधनांबरोबर आणि शर्यतींच्या नव्या नियमांबरोबर आले, आणि आपण ते शरीराचा नियमच समजून बसलो.

तालमीची भाषा बघा. पैलवानाची पारख दोन शब्दांत होते: अंगात जोर किती आणि दम किती. जोर आहे पण दम नाही, असा पैलवान वस्तादाच्या लेखी अर्धाच. याचे कारण कुस्तीच्या रीतीतच होते. निकाली कुस्तीला घड्याळ नसे. पाठ मातीला लागेपर्यंत लढायचे, मग त्याला पाच मिनिटे लागोत की तास. अशा लढतीत नुसत्या ताकदीचा गडी पहिल्या झटक्यात जिंकला नाही, तर पुढे त्याचे हात पडायचे. म्हणून मेहनतच अशी बेतलेली की दोन्ही एकदम कमावले जावे. दिवसाचे पहिले काम हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खणण्याचे. रात्रभर बसलेली माती फावड्याने ढेकूळ-ढेकूळ उकरायची, परतायची, पुन्हा सपाट करायची. ती लाल माती तेल, ताक, हळद मुरलेली असते. कंबर, खांदे आणि मनगटे भरून येतात आणि त्याच वेळी छाती भात्यासारखी चालू लागते. मग जोर: तळवे रोवून, कंबर वर, आणि छाती जमिनीलगत घासत नेऊन पुढे उचलायची. मग बैठका, टाचा उचलून, हात झुलवत, श्वासाच्या लयीवर. दहा-वीस नव्हे, शेकड्यांनी. आजच्या व्यायामशाळेत जड वजनाच्या आठ-दहा उचली होतात आणि मग विश्रांती असते. तालमीत ओझे स्वतःच्या अंगाचेच, पण थांबणे नाही. पाचशे बैठका काढणाऱ्याच्या मांड्या तयार होतात तशीच त्याची छातीही.

यावर कुणी म्हणेल की यात धावणे कुठे आहे? सोमेश्वराचा मल्लही चालतो, धावत नाही. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. जुन्या तालमीच्या मेहनतीत लांब धावणे हा स्वतंत्र भाग ठळकपणे दिसत नाही. आज पहाटे रस्त्याने पळणारे कुस्तीगीर दिसतात ती बव्हंशी अलीकडची सवय आहे. पण धावणे कशासाठी, तर दमासाठी, आणि दम मिळवायला तालमीकडे खणणे, बैठका, दोर, मल्लखांब आणि प्रत्यक्ष लढत होती. बाहेरच्या जगण्यात चालणे-पळणे एवढे होते की त्याला वेगळा तास देण्याची गरज नव्हती. आज खुर्चीत दिवस घालवणाऱ्याला तो तास काढावाच लागतो. दुसरा आक्षेप पोट सुटलेल्या अवाढव्य पैलवानांचा. तेही खरे, पण ती देहयष्टी सगळ्या तालमीची नव्हे. जिथे वजनगट नव्हते, इनाम मोठे होते आणि खुराकाला राजाश्रय होता, अशा मैदानांनी वजनाला भाव आणला. गावोगावच्या जत्रेत नारळावर आणि फेट्यावर लढणारी पोरे सडसडीतच असत.

फाटाफूट झाली ती दोन बाजूंनी. एक बाजू साधनांची. युजेन सँडो या युरोपीय बलवानाचे डंबेल आणि त्याची पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे पोचली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही काही वर्षे सँडोचा व्यायाम नेमाने केला, आणि पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले. आयुष्यभर त्यांनी ज्याचा प्रचार केला तो व्यायाम बळ, लवचीकपणा आणि श्वास एकत्र बांधणारा होता, हे मला अर्थपूर्ण वाटते. दुसरी बाजू शर्यतींची. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावली, आणि अध्यक्ष दोराबजी टाटांच्या ध्यानात आले की यांच्या वेळा युरोपच्या धावपटूंपासून फार दूर नाहीत. पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो चमू गेला त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनला होते. २ तास ५० मिनिटांत ते एकोणिसावे आले. त्याच चमूत कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, पदक एका लढतीने हुकले. ही मोठीच गोष्ट होती. पण तिथून धावणारा वेगळा आणि लढणारा वेगळा अशी नोंद पक्की झाली; स्पर्धा ज्याची, सराव त्याचाच, हा हिशेब सुरू झाला. त्याच काळात उलट दिशेचेही काम चालू होते, हे विसरू नये. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि १९३६ साली त्यांचे पथक मल्लखांब, खो-खो, कबड्डी घेऊन बर्लिनला गेले. खो-खोत तर झटक्याची धाव, वाकून बसण्याची ताकद आणि खांबावर घेतलेला सूर एकाच डावात लागतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप प्रयोगशाळेतला आहे. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी एका गटाला दहा आठवडे ताकदीचा आणि दमाचा असा दोन्ही कडक व्यायाम एकत्र दिला. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ताकद वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरली. म्हणजे भीती निराधार नाही. पण त्याच प्रयोगाचे दुसरे टोक कमी सांगितले जाते: त्या गटाचा दम, नुसता दमाचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला. म्हणजे तोटा झाला तो ताकदीच्या बाजूला, धावण्याच्या नाही. शिवाय तो मारा आठवड्यात पाच-सहा दिवसांचा होता. तालमीचा अनुभव इथे उपयोगी पडतो. पहाटेची मेहनत वेगळी, संध्याकाळची वेगळी; पावसाळ्यात अंग कमवायचे, जत्रांच्या हंगामात लढायचे. सगळे आहे, पण सगळे एकाच वेळी एकाच जोराने नाही. वर्ल्ड रेकॉर्डच्या मागे लागलेल्या मॅरेथॉनपटूला हे पुरणार नाही, त्याला एकाच वाटेने जावे लागेल. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात दरवर्षी अर्ध-मॅरेथॉन धावणाऱ्या हजारोंना मात्र पुरून उरेल, कारण घाट चढताना श्वासाआधी मांड्या हात टेकतात.

या परंपरेतला सर्वांत बोलका माणूस म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कुस्ती घरातली, पण त्यांच्या तयारीत पोहणे होते, धावणे होते, मल्लखांब होता, वजने होती. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात शेवटच्या टप्प्यावर त्यांना जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मम्मदबेयोव यांच्याशी मधल्या विश्रांतीविना लागोपाठ लढावे लागले. ते दोघे सुवर्ण आणि रौप्य घेऊन गेले, खाशाबांना कांस्य मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जोर आणि दम यांना वेगळे करून ते मिळाले नसते. अशा तालमी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात अजून उभ्या आहेत, आणि त्यांच्याच दारांवरून सकाळी धावणारे पुढे निघून जातात. तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या बायकांना दार बंद ठेवले, तेही आता पुरे झाले. वस्तादांनी आठवड्यातल्या दोन सकाळी हौदा या धावणाऱ्यांना, बायकांना आणि पुरुषांना, खुला करावा. आणि धावणाऱ्यांनी आत येऊन आधी फावडे हातात घ्यावे.