मांगूरचं पोट

1972 च्या दुष्काळात आमच्या शिवारात पाझर तलाव झाला. आई त्या कामावर टोपलं वाहायची अन् मी, बारा वर्षांचा, सुकडी मिळते म्हणून तिच्यामागं जायचो. पुढच्या वर्षी तलाव भरला. बीज कोणीच टाकलं नव्हतं, तरी त्यात मासे आले. मालेगावकडचे आमचे नाले असेच. पहिल्या पुरात मासा पाण्याच्या उलट चढतो. मांगूर तर ओल्या गवतावरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो. त्याला वरची हवा घेता येते, म्हणून पाणी आटलं तरी तो चिखलात तग धरून राहतो.

दिवसा हा मासा सुस्त. खायला निघतो अंधार पडल्यावर, तळाशी, गढूळ पाण्यात. गळाला गांडूळ लावून आम्ही पोट्टे रात्री बसत असू. शेजारी बसणारे भोईकाका म्हणायचे, "तो डोयानं नाई पाहत, मिशीनं पाह्यते." आठ मिशा असतात त्याला. काकू मासा चिरायची तेव्हा मी मुद्दाम पोट पाहायचो. पाणकिडे, अळ्या, गांडुळं, झिंगे, कधी बोटाएवढी मासोळी. तलावात काय काय जगतं, ते तिथं कळायचं. शाळेत हे कोणी शिकवलं नाही.

मग माझी चूक. शेततळं झालं तेव्हा एका विक्रेत्यानं थाई मांगूरची पिल्लं दिली. "काहीही खाते, लवकर वाढते," म्हणाला. खरंच होतं ते. कोंबडीची आतडी टाकली की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. हा मासा मुळात आफ्रिकेतला, नाव तेवढं थाई. 2000 सालापासून देशात त्याच्या पालनाला बंदी आहे, 2019 मध्ये हरित लवादानंही आदेश दिला. मला हे पेपरात वाचून कळलं. तोवर एका पावसाळ्यात शेततळं फुटून पिल्लं नाल्यानं तलावात गेली होती.

भोईकाका आता नाहीत. त्यांच्या मुलानं मागच्या वर्षी दोन हात लांब मांगूर धरला अन् माझ्यासमोर चिरला. आत मरळीची पिल्लं, एक बेडूक अन् कोंबडीचं पीस. झिंगे नव्हते.

"भाऊ, हा तुमच्याच तयातला नं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो.