परिपूर्ण आलेख

परिपूर्ण आलेख : आलेख सिद्धांतातील एक वर्ग. आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही, एवढी अट पाळून कमीत कमी किती रंग पुरतील, हा या शास्त्रातील जुना प्रश्न. चार बिंदू सगळेच एकमेकांशी जोडलेले असले तर चारपेक्षा कमी रंगांत भागत नाही, हे उघड आहे. पण तितके रंग पुरतीलच असे नाही. पंचकोनात मोठ्यातला मोठा असा गट दोघांचाच, तरी रंग तीन लागतात. यान मिचेल्स्की यांनी १९५५ मध्ये तर असे आलेख रचून दाखवले, की ज्यांत एक त्रिकोणही नाही आणि रंग मात्र हवे तितके खर्ची पडतात.

आलेखातून कोणतेही बिंदू वगळले, तरी उरलेल्या भागात रंगांची किमान संख्या आणि सर्वांत मोठ्या गटाची संख्या सारखीच येत असेल, तर तो आलेख परिपूर्ण. ‘कोणतेही बिंदू वगळले तरी’ ही अट महत्त्वाची आहे. ती नसती, तर पंचकोनाशेजारी एक सुटा त्रिकोण काढून आकडे जुळवता आले असते आणि खोट तशीच झाकली गेली असती.

रेल्वे स्थानकाचे उदाहरण घ्यावे. प्रत्येक गाडी हा एक बिंदू. दोन गाड्यांच्या थांबण्याच्या वेळा एकमेकींवर येत असतील तर त्यांच्यात कडा. फलाट म्हणजे रंग. एका क्षणी जास्तीत जास्त जितक्या गाड्या उभ्या असतील तितके फलाट पुरतात, एकही जादा लागत नाही. अशा ‘कालखंडांच्या’ आलेखांप्रमाणेच द्विभागी आलेखही, म्हणजे बिंदूंचे दोन भाग पडून कडा फक्त एका भागातून दुसऱ्यात जाणारे, परिपूर्ण असतात.

ही संकल्पना फ्रेंच गणिती क्लोद बेर्झ यांची, १९६०च्या आसपासची. बेर्झ हे ‘ऊलिपो’ या साहित्यिक मंडळाच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. डेन्समोरच्या ड्यूकच्या खुनावर त्यांनी एक कथा लिहिली. संशयित स्त्रिया प्रत्येकी ‘मी वाड्यात एकदाच आले’ म्हणतात आणि तिथे कोणकोण भेटले ते सांगतात. या भेटींचा आलेख कालखंडांचा ठरत नाही. म्हणजे कोणीतरी दोनदा आलेली आहे. गुन्हेगार सापडतो तो प्रमेयाच्या जोरावर. रहस्यकथेत इतका चोख पुरावा क्वचितच मिळत असेल.

बेर्झ यांनी दोन अटकळी मांडल्या. पहिली : जोडलेले बिंदू तोडले आणि न जोडलेले जोडले, तरी परिपूर्णता टिकते. ती लास्लो लोवास यांनी १९७२ मध्ये सिद्ध केली. अमेरिकेत रे फुल्करसन याच वाटेवर बरेच पुढे गेले होते. अटकळ खरी ठरल्याचे कळताच त्यांनी अडलेला दुवा काही तासांत पुरा केला.

दुसरी अटकळ फार चिवट निघाली. पाच किंवा अधिक विषम बिंदूंचे, आत एकही आडवी कड नसलेले चक्र, किंवा त्याचे उलटे रूप, हे दोन्ही आलेखात नसले की तो परिपूर्ण, असे तिचे म्हणणे. के. आर. पार्थसारथी आणि जी. रवींद्र यांनी १९७६ मध्ये ती एका मोठ्या वर्गापुरती सिद्ध केली : एका बिंदूला परस्परांशी न जोडलेले तीन शेजारी अशी ‘नखी’ ज्यांत नसते, ते आलेख. संपूर्ण सिद्धता मारिया चुडनोव्हस्की, नील रॉबर्टसन, पॉल सीमोर आणि रॉबिन थॉमस यांनी २००२च्या मे महिन्यात जाहीर केली. ३० जूनला बेर्झ वारले. ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये ही सिद्धता २००६ साली आली, दीडशेहून अधिक पानांची.

सर्वसाधारण आलेखाचे किमान रंग काढणे संगणकालाही जड जाते. परिपूर्ण आलेखांसाठी मात्र ग्रोट्शेल, लोवास आणि श्रायव्हर यांनी १९८०च्या दशकात कार्यक्षम रीत दिली. तिचा आधार लोवास यांनी १९७९ मध्ये शोधलेली एक संख्या. ती सर्वांत मोठ्या गटाचा आकार आणि किमान रंगसंख्या यांच्या दरम्यान सापडते. दोन्ही टोके एकच असली, की उत्तर हाती येते.

या कल्पनेची भावंडेही बरीच आहेत. व्हात्स्लाव ख्वाताल यांचे ‘परिपूर्ण क्रमी’ आलेख असे, की बिंदू एका ठरावीक क्रमाने घेऊन हाताला येईल तो पहिला चालणारा रंग दिला तरी किमान रंगांत काम होते. आंद्राश ग्यार्फाश यांनी समानतेचा हट्ट सोडला : रंगसंख्या गटाच्या आकारावरून ठरणाऱ्या एखाद्या मर्यादेत राहिली तरी पुरे. विषम छिद्रे, म्हणजे वर सांगितलेली आडवी कड नसलेली विषम चक्रे, ज्यांत नाहीत ते आलेख असेच वागतात, हे ॲलेक्स स्कॉट आणि सीमोर यांनी २०१६ मध्ये सिद्ध केले. मात्र त्यांची मर्यादा घातावर घात चढवलेली, अवाढव्य आहे.