आधी बीप ऐका, मग स्क्रूड्रायव्हर घ्या

१९८१ मध्ये नांदेडला एसजीजीएस कॉलेज सुरू झालं, अन् त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला. चालू करताच तो स्वतःला तपासायचा. एक छोटा बीप, म्हणजे सगळं ठीक. फुकटचं टूल!

पण २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने डिस्कवरचा डेटा उडवला, काही मदरबोर्डांवरचा बायोसही पुसला. बीप वाजवणारा प्रोग्रॅम तिथेच असतो. म्हणून मशीन मुकं. वाटायचं हार्डवेअर गेलं, दोषी मात्र सॉफ्टवेअर.

माझं उलटं झालं. बीटेकचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट तोंडावर, अन् सारखा निळा स्क्रीन. तीनदा विंडोज टाकलं. लातूरचा एक दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड बदला. घरी एवढे पैसे मागायचे कसे? शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवलं. सकाळी स्क्रीनभर लाल एरर! दोनपैकी एक रॅम काढली, पीसी सुरळीत.

मेमटेस्ट विंडोजशिवाय चालतं, म्हणून त्याची साक्ष पटते. तेव्हा लक्षात ठेवा, ज्याच्यावर संशय आहे, त्याच्याच भरवशावर चालणारं टूल घेऊ नका. आधी तपासा, मगच खिशात हात घाला.